कॉमन लॉ म्हणजे काय?

श्रोतेहो, बांधाचा तंटा सारखाच. पण एका गावी न्याय एक आणि शेजारच्या गावी दुसरा, असे झाले तर माणसाने भरवसा कशावर ठेवायचा? बाराव्या शतकात इंग्लंडात असेच होते. परगणा बदलला की रिवाज बदले.

दुसरा हेन्री (११५४–११८९) या राजाने दरबारचे न्यायाधीश परगण्यांतून फिरतीवर धाडले. ११६६ साली क्लॅरेंडन येथे त्याने हुकूम काढला, की गुन्ह्याचा संशय कोणावर आहे, हे त्या त्या भागातल्या बारा माणसांनी शपथेवर सांगावे. पुढे आरोपीची परीक्षा दिव्याने होई. आपल्याकडेही दिव्याची चाल होतीच. १२१५ साली धर्मपीठाने पाद्र्यांना दिव्यात भाग घेण्याची मनाई केली आणि निवाडा हळूहळू ज्यूरीकडे, म्हणजे पंचांकडे आला.

या न्यायाधीशांच्या निकालांतून साऱ्या राज्याला लागू होणारा कायदा घडत गेला, तोच कॉमन लॉ. आपण सामाईक विहीर म्हणतो ना, त्यातला ‘सामाईक’ हा ‘कॉमन’चा अर्थ. मागे असाच खटला आला तेव्हा काय ठरले, हे न्यायाधीशाने पाहायचे. मन मानेल तसा निकाल द्यायचा नाही, हे त्यातले मर्म. १६०७ साली पहिला जेम्स राजा म्हणाला, खटल्याचा निवाडा मीही करीन. कोक या न्यायाधीशाने त्याला नकार दिला. राजाही कायद्याखाली आहे, असे आपण सांगितल्याचे त्याने लिहून ठेवले आहे.

पण जुने ते सगळे न्याय्य असते थोडेच? याच कायद्याने विवाहित स्त्रीची चीजवस्तू नवऱ्याची ठरे. ते बदलायला १८८२ साली पार्लमेंटला कायदा करावा लागला.

आपल्या मुंबई इलाख्यात १८२७ च्या एल्फिन्स्टनच्या नियमांत असे होते, की लेखी कायदा नसेल तेथे देशरिवाज पाहावा, मग प्रतिवादीचा कायदा आणि काहीच न सापडल्यास न्यायबुद्धी. या न्यायबुद्धीच्या वाटेने पुष्कळ इंग्रजी तत्त्वे आत आली. आज आपल्या संविधानाच्या १४१ व्या कलमाने सर्वोच्च न्यायालयाने सांगितलेला कायदा देशातील सर्व न्यायालयांवर बंधनकारक आहे.

शिक्षकबंधूंनो, वर्गात मुलांना एवढेच विचारा : काल एकाला जी शिक्षा केली, ती आज त्याच चुकीसाठी दुसऱ्याला का नाही? मुले हा प्रश्न आपणहून विचारतातच. कॉमन लॉचा उगम याच प्रश्नात आहे.