काला अंब : एका रणभूमीचे उद्यान होताना

पानिपत हे नाव मराठी मुलाला इतिहासाच्या पुस्तकाआधी भाषेतूनच भेटते. निवडणुकीत एखाद्या पक्षाचा धुव्वा उडाला की त्याचे 'पानिपत झाले' असे वर्तमानपत्रे लिहितात. 'विश्वास पानिपतात गेला' या वाक्यातला श्लेष घरातली वडीलधारी मंडळी आजही सहज वापरतात. 'भाऊगर्दी' या शब्दाचे मूळ त्या रणातल्या सदाशिवरावभाऊंपाशी आहे असे मानले जाते. तोतया म्हटले की, भाऊसाहेबांचे नाव सांगून १७७६ साली पेशवाईला घोर लावणारा तो इसम आठवतो. अडीच शतके मराठी भाषेने पानिपत असे जपले. प्रत्यक्ष भूमीचे मात्र तसे झाले नाही. ज्या मातीत महाराष्ट्राची एक पिढी संपली, ती माती दीर्घकाळ परक्यांच्या हाती, किंबहुना परके म्हणणेही अन्यायाचे ठरेल अशा माणसांच्या हाती राहिली. त्या जागेचे नाव काला अंब.

दिल्लीहून राष्ट्रीय महामार्ग क्रमांक ४४ ने उत्तरेकडे निघाले की सुमारे ९० किलोमीटरवर पानिपत लागते. शहरातून यमुनेच्या दिशेने सनौलीचा रस्ता जातो. त्या बाजूला, शहरापासून सात-आठ किलोमीटरवर, शेतांच्या मधोमध हे स्मृतिस्थळ आहे. विटांचा एक उंच स्तंभ, त्यावर लोखंडी दांडा, भोवती लोखंडी कुंपण आणि सभोवार राखलेली बाग, एवढेच त्याचे मूळ रूप. (हिमाचल प्रदेशात सिरमौर जिल्ह्यात, हरियाणाच्या सीमेलगत काला अंब याच नावाचे एक औद्योगिक गाव आहे. भ्रमणध्वनीवरील नकाशा पाहून निघणाऱ्या प्रवाशाने आपण पानिपतच्याच काला अंबकडे चाललो आहोत ना, हे पाहून घ्यावे.)

या जागी एके काळी आंब्याचे एक मोठे झाड होते. रणात इतके रक्त सांडले की ते मुळांत मुरून झाडाची पाने काळवंडली, फळ कापले असता त्यातून रक्तवर्णी रस निघू लागला, आणि म्हणून लोक त्याला 'काला अंब' म्हणू लागले, अशी कथा पानिपतात सांगितली जाते. जुन्या रायवळ आंब्याची पाने गर्द असतात, सावली दाट पडते आणि दुरून असे झाड काळेच दिसते, हा साधा खुलासाही आहे. तरी कथा टाकाऊ ठरत नाही. ती रचली आहे तिथल्या शेतकऱ्यांनी, म्हणजे ज्यांचा या युद्धात कोणताच पक्ष नव्हता अशा लोकांनी. आपल्या शिवाराशेजारी काय घडले, ते त्यांनी एका झाडाच्या आधाराने लक्षात ठेवले. पुढे ते झाड वठले. सुगनचंद नावाच्या स्थानिक पंडितांनी त्याचे लाकूड विकत घेऊन त्यापासून कोरीव दारांची जोडी करवून घेतली, असे सांगतात. झाड गेले आणि त्याच्या जागी स्तंभ आला.

पानिपतची मोहीम एका दिवसाची नव्हती, हे अनेकदा विसरले जाते. १७ ऑक्टोबर १७६० रोजी मराठ्यांनी यमुनाकाठचे कुंजपुरा घेतले. तिथे धान्य आणि द्रव्य मिळाले, उत्साह वाढला. परंतु त्याच महिन्याच्या अखेरीस अहमदशहा अब्दाली बागपतजवळ यमुना उतरून अलीकडे आला आणि मराठी फौज व दिल्ली यांच्यामध्ये उभा राहिला. नोव्हेंबरच्या आरंभापासून दोन्ही सैन्ये पानिपतच्या परिसरात समोरासमोर तळ देऊन बसली. मराठ्यांच्या तळात लढवय्ये होते, तसेच तीर्थयात्रेच्या आशेने आलेली कुटुंबे, बाजारबुणगे, कारकून, भटजी, चाकरमाणसे होती. डिसेंबरमध्ये अब्दालीच्या मागे रसद तोडण्याचे काम करणारे गोविंदपंत बुंदेले मारले गेले. तळावर पैसा खुंटला, धान्य खुंटले, घोडी आणि बैल मरू लागले. उत्तर हिंदुस्थानचा तो कडाका दक्षिणेच्या माणसांच्या अंगाला सोसणारा नव्हता. उपाशी मरण्यापेक्षा लढून मरावे, हा निर्णय सरदारांनी आणि शिपायांनी मिळून केला, असे साधने सांगतात.

१४ जानेवारी १७६१, बुधवार. इब्राहिमखान गारद्याच्या कवायती पलटणींनी सकाळी जो मारा केला त्याने रोहिल्यांची फळी खिळखिळी झाली. दुपारपर्यंत पारडे मराठ्यांकडे झुकले होते. मग विश्वासरावांना गोळी लागली. ते जेमतेम अठरा-एकोणीस वर्षांचे होते. भाऊसाहेब हत्तीवरून उतरून घोड्यावर बसले आणि गर्दीत शिरले, त्यांचा पुढचा ठावठिकाणा वादाचाच विषय राहिला. जनकोजी शिंदे व इब्राहिमखान पकडले जाऊन मारले गेले. बाजीराव-मस्तानीचा पुत्र समशेरबहादूर जखमी अवस्थेत सुरजमल जाटाच्या मुलखात पोहोचला आणि तिथेच वारला. महादजी शिंदे पायाला कायमचे अधूपण घेऊन निसटले, नाना फडणीस वाचले, भाऊसाहेबांच्या पत्नी पार्वतीबाई वाचल्या. जे पळाले त्यांना सुरजमल आणि त्यांची राणी किशोरी यांनी अन्नवस्त्र दिले. सुजाउद्दौल्याच्या चाकरीत असलेला काशीराज पंडित हा मराठी माणूस शत्रूच्या गोटातून हे सर्व पाहत होता. त्याने फारसीत लिहिलेला वृत्तान्त आज या युद्धाच्या महत्त्वाच्या साधनांपैकी एक आहे. मृतांचा आकडा लाखाच्या घरात सांगितला जातो आणि त्यातला मोठा भाग हाती शस्त्र नसलेल्यांचा होता.

इथे पंचांगाची एक गोष्ट सांगणे आवश्यक आहे. पानिपत संक्रांतीच्या दिवशी घडले आणि म्हणून 'संक्रांत कोसळणे' हा वाक्प्रचार रूढ झाला, असे अनेक ठिकाणी वाचायला मिळते. ते जुळत नाही. मकरसंक्रांतीची इंग्रजी तारीख सुमारे सत्तर वर्षांत एक दिवस पुढे सरकते. स्वामी विवेकानंदांचा जन्म १२ जानेवारी १८६३ रोजी झाला आणि त्या दिवशी मकरसंक्रांत होती, हे प्रसिद्ध आहे. त्याही आधी शंभर वर्षे मागे गेल्यास संक्रांत १० जानेवारीच्या आसपास येते. म्हणजे पानिपतावरच्या उपाशी तळावर तिळगुळाचा सण युद्धापूर्वी तीन-चार दिवस होऊन गेला होता. विसाव्या शतकात संक्रांत १४ तारखेवर येऊन ठेपली आणि दोन आठवणी एकाच दिवसात मिसळल्या. इतिहासाच्या विद्यार्थ्याने हे ध्यानात ठेवलेले बरे.

युद्धानंतर भूमीचे काय झाले? अब्दाली परत गेला. मराठे दहा वर्षांनी उत्तरेत परतले आणि महादजींच्या पुढाकाराने १७७२ च्या आरंभी बादशहा शाहआलम पुन्हा दिल्लीत आला. मात्र रणभूमीवर स्मारक उभारण्याचा प्रयत्न त्या काळात झाल्याचे दिसत नाही. पानिपत गावात देवीचे एक मंदिर आहे, त्याचा संबंध मागे राहिलेल्या मराठ्यांशी जोडला जातो. बाकी सर्वत्र पुन्हा नांगर फिरला. गहू, मोहरी, ऊस उगवू लागले.

महाराष्ट्रात या काळात जे झाले ते कागदावर झाले, आणि ते थोर होते. विश्वनाथ काशिनाथ राजवाडे यांनी १८९८ साली 'मराठ्यांच्या इतिहासाची साधने' या मालेचा पहिला खंड काढला, तो पानिपतपर्यंतच्या पत्रांचा. त्र्यंबक शंकर शेजवलकरांनी पानिपतावर इंग्रजीत आणि पुढे, युद्धाला दोनशे वर्षे होत असताना, १९६१ साली मराठीत ग्रंथ लिहिला. त्यासाठी त्यांनी स्वतः पानिपतास जाऊन भूमीची पाहणी केली, हे विशेष. घरी बसून रणाचा नकाशा काढणाऱ्यांपैकी ते नव्हते. १९८८ साली विश्वास पाटलांच्या 'पानिपत' या कादंबरीने तो विषय घरोघर पोहोचवला. त्या कादंबरीनंतर काला अंब पाहायला जाणाऱ्या मराठी पर्यटकांची वाट खऱ्या अर्थाने सुरू झाली, असे म्हटले तर वावगे होणार नाही.

परंतु ती माणसे पोहोचण्याआधी तिथे कुणीतरी बाग राखली होती. ते श्रेय हरियाणाला द्यावे लागते. १९८० ते १९८४ या काळात हरियाणाच्या राज्यपालपदी गणपतराव देवजी तपासे होते. तपासे मूळचे साताऱ्याचे, पूर्वी मुंबई राज्यात मंत्री राहिलेले. पानिपतच्या तिन्ही युद्धांच्या स्मृतीसाठी राज्यपालांच्या अध्यक्षतेखाली एक संस्था स्थापन झाली, तिचे नाव 'बॅटल्स ऑफ पानिपत मेमोरियल सोसायटी'. काला अंबचा परिसर विकसित करणे, तिथे झाडे लावून बाग उभी करणे आणि पानिपतात संग्रहालय उभारणे ही कामे या संस्थेकडून झाली. पुढे लढाईची दृश्ये दाखवणारी शिल्पेही आवारात आली. एका मराठी माणसाने हरियाणाच्या सरकारकडून हरियाणाच्या पैशाने हे करवून घेतले, ही गोष्ट महाराष्ट्रात पुरेशी सांगितली गेलेली नाही.

बाग म्हटले की काहींना ते रणभूमीला कमीपणा आणणारे वाटते. तसे वाटण्याचे कारण नाही. पानिपत आता यंत्रमाग, हातमाग, सतरंज्या आणि घोंगड्यांचे शहर आहे. जुन्या लोकरी कपड्यांपासून नवे सूत काढण्याच्या धंद्यात त्याचे नाव देशाबाहेरही घेतले जाते. १९८९ मध्ये ते स्वतंत्र जिल्हा झाले. राष्ट्रीय राजधानी क्षेत्रात असल्याने घरे, गोदामे आणि गिरण्या चारही बाजूंनी पसरत आहेत. अशा शहराच्या कडेला मोकळी हिरवी जागा टिकते ती रोजच्या वापरामुळे. सकाळी फिरायला येणारे वृद्ध, सुट्टीच्या दिवशी मुलांना घेऊन येणारी कुटुंबे, सहलीला आलेल्या शाळा यांच्यामुळे फाटक उघडे राहते आणि माळी कामावर राहतो. जिथे कुणीच फिरकत नाही, तिथले कुंपण आधी गंजते आणि मग नाहीसे होते.

पुण्याचेच उदाहरण पाहावे. पानिपतची वार्ता सोसून नानासाहेब पेशवे २३ जून १७६१ रोजी पर्वतीवर वारले. पर्वतीच्या पायथ्याचा तलाव त्यांच्याच काळातला. तो तलाव आटवला गेला आणि त्या जागी सारसबाग झाली. आज तिथे तळ्यातल्या गणपतीचे दर्शन घेऊन भेळ खाणाऱ्या किती जणांना वर टेकडीवर काय घडले याची आठवण होत असेल? तरीही ती जागा जिवंत आहे, पुणेकर तिची काळजी वाहतात, आणि ज्याला आठवण हवी आहे त्याच्यासाठी पर्वतीच्या पायऱ्या तिथेच आहेत.

काला अंबची आठवण दरवर्षी १४ जानेवारीला मोठ्या संख्येने जागवली जाते ती प्रामुख्याने रोड मराठा म्हणवणाऱ्या समाजाच्या पुढाकाराने. कर्नाल, पानिपत, कुरुक्षेत्र या भागांत हा शेतकरी समाज मोठ्या संख्येने आहे. आपण युद्धानंतर मागे राहिलेल्या मराठ्यांचे वंशज आहोत, अशी त्यांची श्रद्धा आहे. कोल्हापूरचे डॉ. वसंतराव मोरे यांनी या विषयावर संशोधन करून ती मांडणी पुढे आणली. सर्व इतिहासकारांना ती मान्य नाही. वंशाचा प्रश्न पुराव्यांनी सुटेल तेव्हा सुटो. ऐन थंडीत, धुके उतरत असताना, दुसऱ्या प्रांतातल्या मृतांना आपले पूर्वज मानून अभिवादन करायला हजारो माणसे जमतात, या घटनेला मात्र पुराव्याची वाट पाहावी लागत नाही. त्या दिवशी महाराष्ट्रातूनही गट येतात. हरियाणात संक्रांतीला सुना घरातल्या वडीलधाऱ्यांना शाल किंवा कांबळे देऊन त्यांचा मान राखतात आणि महाराष्ट्रातून आलेले तिळगूळ देतात.

१४ जानेवारी २०२५ रोजी महाराष्ट्राचे मुख्यमंत्री देवेंद्र फडणवीस या अभिवादन सोहळ्याला काला अंब येथे उपस्थित होते. त्यानंतर मार्चमधील राज्याच्या अर्थसंकल्पात, हरियाणा सरकारच्या सहकार्याने पानिपत येथे मराठ्यांच्या शौर्याचे भव्य स्मारक उभारण्याची घोषणा झाली. अडीचशेहून अधिक वर्षांनी महाराष्ट्राचे शासन त्या भूमीकडे वळले, याचा आनंद व्हावा असाच हा निर्णय आहे. मात्र त्यासोबत काही प्रश्न येतात. भव्य शब्दाचा अर्थ केवळ उंच पुतळा असा घेतला गेला, तर मोकळ्या मैदानाचा तो विस्तार झाकला जाईल, ज्यावर उभे राहिले तरच सैन्ये कशी उभी असतील याची कल्पना येते. त्या स्मारकात सरदारांची नावे येतील. परंतु बुणग्यांना, पाणक्यांना, गुलाम म्हणून नेल्या गेलेल्या बायकामुलांना तिथे कोणत्या भिंतीवर जागा मिळणार? इब्राहिमखान गारद्याला कुठे? निर्वासितांना पोटाशी धरणाऱ्या राणी किशोरीला कुठे? आणि आज त्या बागेत रोज येणाऱ्या पानिपतकरांना तिकीट काढून आत यावे लागणार का, हेही आराखडा करणाऱ्यांनी आताच ठरवायला हवे.

जाऊ इच्छिणाऱ्या पालकांसाठी थोडे व्यवहाराचे. डिसेंबर-जानेवारीत दाट धुक्यामुळे दिल्लीहून पहाटे निघणे टाळावे. १४ जानेवारीला गर्दी असते, बंदोबस्त असतो आणि जागा नीट पाहता येत नाही. शांतपणे पाहायचे असल्यास फेब्रुवारीचा शेवट उत्तम, तेव्हा थंडी ओसरलेली असते आणि वाटेवरच्या शेतांत अजून मोहरीचा पिवळा रंग दिसतो. त्याच दिवशी शहरातील इब्राहिम लोदीची कबर, बाबराने बांधलेली काबुली बाग मशीद आणि संग्रहालय पाहून होते. मुलांना नेण्याआधी शेजवलकरांच्या ग्रंथातील युद्धाचे नकाशे त्यांच्यासमोर एकदा ठेवावेत, म्हणजे स्तंभापाशी उभे राहून यमुना कोणत्या बाजूला आणि दिल्ली कोणत्या बाजूला हे त्यांचे त्यांनाच शोधता येईल.