दिपोटीचा शेरा

‘दिपोटी’ हा शब्द आता कोशात जाऊन बसला आहे. इंग्रजी ‘डेप्युटी’चा हा मराठी अवतार एके काळी खेड्यापाड्यांत मामलेदाराच्या खालोखाल वचक बाळगून होता. डेप्युटी एज्युकेशनल इन्स्पेक्टर, म्हणजे शाळा तपासायला येणारा साहेब. तो येणार अशी वर्दी लागली की शाळेची जमीन सारवली जाई, दारावर आंब्याचे टहाळे चढत, मास्तर हजेरीपटात डोके घालून बसत, आणि एरवी गुरांमागे जाणारी पोरे त्या दिवशी न्हाऊनमाखून, डोक्याला तेल चोपडून वर्गात हजर होत. साहेब येई, वाचन घेई, तोंडी हिशेब विचारी, चहा घेई आणि शेरेबुकात चार ओळी लिहून पुढच्या गावाला निघून जाई. त्या चार ओळींवर मास्तरांची बढती, बदली आणि रात्रीची झोप अवलंबून असे.

माझ्या लहानपणी, स्वातंत्र्यानंतरच्या पहिल्या दहा वर्षांत, या हुद्द्याचे नाव ‘ए. डी. ई. आय.’ असे काहीसे झाले होते. पण गावाच्या तोंडी दिपोटीच. आमच्या शाळेत साहेब येण्याआधी पंधरा दिवस एकच धडा चाले. साहेबांनी उभा केलेला आमचा एक सोबती तो धडा खणखणीत वाचू लागला. वाचता वाचता त्याच्या हातून दोन पाने एकदम उलटली गेली, तरी त्याचे वाचन कुठेही अडखळले नाही. मधले पान त्याने जसेच्या तसे म्हणून दाखवले. साहेब मिशीत हसले. शेरा मात्र ‘वाचन समाधानकारक’ असाच पडला.

सांगायचा मुद्दा हा की, शाळा चांगली की वाईट हे ठरवायचे कुणी आणि कशावरून, हा प्रश्न आजचा नाही. मुलाला सरकारी शाळेत घालावे की नाही याची काथ्याकूट आज घरोघर चालते. पण तिच्यामागे दीडदोनशे वर्षांची हकीकत आहे, आणि ती ऐकण्याजोगी आहे.

इंग्रजी अंमलापूर्वी हा प्रश्न गावानेच सोडवला होता. पंतोजीची शाळा ओसरीवर किंवा देवळात भरे. एकोणिसाव्या शतकाच्या तिसऱ्या दशकात मुंबई इलाख्यात सरकारने शाळांची गणती केली, तेव्हा सुमारे १७०० शाळा आणि ३५ हजारांवर मुले आढळली. त्यांतल्या सरकारी शाळा अगदी मूठभर. बाकीच्या साऱ्या पंतोजींच्या. पंतोजीला मिळे ते धान्य, सणावाराचा शिधा आणि चार पैसे. त्याची परीक्षा रोज तिन्हीसांजेला घरोघर होई. दिवा लागला की पोर परवचा म्हणे. बाप ओसरीवर बसून पावकी, निमकी, दिडकी ऐके. पोर औटकीत अडखळले तर दुसऱ्या दिवशी पंतोजीला जाब विचारला जाई. या पद्धतीचे गोडवे गाणारे आजही भेटतात. मला ते गोडवे पटत नाहीत. कारण त्या ओसरीवर मुली नव्हत्या, आणि गावकुसाबाहेरचे पोर तर पायरीलाही शिवू शकत नव्हते. जे आत होते त्यांच्यापुरता हा तराजू चोख होता, एवढेच.

आता थोडा वेळ विलायतेस जाऊ. १८५८ साली इंग्लंडात न्यूकॅसलच्या ड्यूकच्या अध्यक्षतेखाली एक कमिशन बसले. गोरगरिबांच्या पोरांना चांगले आणि स्वस्त शिक्षण कसे मिळेल, हा त्याच्यापुढचा सवाल. १८६१ साली अहवाल आला. सरकार शाळांवर पैसे ओतत होते, पण बहुसंख्य मुलांना धड वाचता लिहिता येत नव्हते, असा त्याचा रोख होता. शिक्षणखात्याची सूत्रे रॉबर्ट लो या गृहस्थांकडे होती. मोठा बुद्धिमान, जिभेचा तिखट आणि हिशेबी माणूस. त्याने १८६२ साली नवी नियमावली लागू केली. पार्लमेंटात त्याने जे सांगितले त्याचा मतलब असा, की या योजनेत शिक्षण स्वस्त पडले नाही तर ते परिणामकारक तरी असेल, आणि परिणामकारक नसले तर निदान स्वस्त तरी पडेल. सौदा म्हणून पाहिले तर यात कुठे खोट काढता येत नाही!

या सौद्याचा दर वाचकांनी नीट पाहावा. शाळेला दर मुलामागे वर्षाला जास्तीत जास्त बारा शिलिंग. त्यांतले चार सरासरी हजेरीवर. उरलेले आठ, मूल वर्षात दोनशेहून अधिक वेळा हजर राहिले असेल आणि परीक्षेला बसले असेल तर. वाचन, लेखन आणि गणित, हे विषय तीन. एका विषयात मूल नापास झाले की दोन शिलिंग आठ पेन्स कापले जात. तिन्हींत नापास, तर आठांच्या आठ शिलिंग बुडाले. पोरांच्या सहा इयत्ता ठरल्या. पहिलीच्या पोराने सोपी एकाक्षरी गोष्ट वाचावी, सहावीच्याने वर्तमानपत्रातला साधा मजकूर वाचावा. म्हणजे वाचणारे पोर हा नफा आणि अडखळणारे पोर हा तोटा. मास्तराचा पगार याच पैशांतून निघे.

पुढे काय झाले ते सांगायला हवे का? भूगोल, इतिहास, गाणे यांना फाटा मिळाला, कारण त्यांचे पैसे नव्हते. पोरांनी वाचनमाला तोंडपाठ केल्या. तपासनिसाचा दिवस म्हणजे शाळेच्या वर्षाच्या पिकाचा दिवस, म्हणून त्या दिवशी आजारी पोरालाही उचलून आणीत. डांग्या खोकल्याने बेजार झालेली, देवीचे फोड अंगावर असलेली, शालीत गुंडाळून आईच्या मांडीवर किंवा शेगडीशेजारी स्टुलावर बसवलेली मुले परीक्षेला आणलेली आपण पाहिली, असे त्या काळच्या एका तपासनिसानेच आपल्या अहवालात नमूद केले आहे. मास्तर निर्दय होते म्हणून हे घडले असे म्हणणे मला अन्यायाचे वाटते. आठ शिलिंगांचा प्रश्न होता, आणि त्यालाही पोरेबाळे होतीच.

सरकारचा खर्च मात्र उतरला. १८६१ साली ८ लाख १३ हजार पौंडांवर गेलेले अनुदान १८६५ पर्यंत ६ लाख ३६ हजारांवर आले. निदान ‘स्वस्त’ हा शब्द लोसाहेबांनी खरा केला.

याच खात्यात मॅथ्यू आर्नल्ड नावाचा एक तपासनीस होता. इंग्रजी साहित्याच्या वाचकांना तो कवी आणि टीकाकार म्हणून ठाऊक असतो; पण त्याच्या पोटाचा धंदा म्हणजे शाळा तपासणे, आणि तो त्याने १८५१ पासून पस्तीस वर्षे केला. १८६२ साली त्याने आपल्याच वरिष्ठांच्या या योजनेवर मासिकात लेख लिहून कोरडे ओढले. पुढच्या अहवालांतूनही तो सांगत राहिला, की नीट तयारी करून घेतली तर वाचता न येणारे मूलही वाचनाच्या परीक्षेत पास होऊ शकते. तपासनिसांच्या अहवालांत खात्याकडून काटछाट होते असा गवगवा १८६४ साली पार्लमेंटात झाला आणि लोला राजीनामा द्यावा लागला. नंतरच्या चौकशीत तो निर्दोष ठरला. माणूस गेला, पण नियम राहिले. त्यांचे शेवटचे अवशेष जायला १८९७ साल उजाडले.

हे सारे आपल्याकडे न येते तरच नवल. १८५४ साली सर चार्ल्स वुड यांचा खलिता आला, १८५५ साली मुंबई इलाख्यात शिक्षणखाते उभे राहिले, आणि तपासनिसांची फौज तयार झाली. १८६३ पासून जमीनमहसुलाच्या दर रुपयामागे एक आणा लोकल फंड घेऊ लागले. त्यातला तिसरा हिस्सा शाळांसाठी. म्हणजे गावची शाळा कुणब्याच्या आण्यावर चालू लागली. खासगी शाळांना मदत द्यायची तर ती लोसाहेबांच्या तराजूने, निकाल पाहून. मुंबईने ही पद्धत १८६० नंतरच्या दहा वर्षांत उचलली.

१८८२ साली हंटर कमिशन आले. त्याच्यापुढे ज्या साक्षी झाल्या त्यांत जोतीराव फुल्यांचे निवेदन आहे. १९ ऑक्टोबर १८८२ ही त्याची तारीख. या निवेदनातला सक्तीच्या शिक्षणाचा आणि कुणब्याच्या पैशाचा भाग पुष्कळांनी उद्धृत केला आहे. शाळांच्या तपासणीवरचा भाग मात्र फारसे कुणी वाचत नाही. तो मला या विषयावरचा मराठी माणसाने केलेला सर्वांत शहाणा विचार वाटतो. फुले सांगतात, की दिपोटी वर्षातून एकदा येतो, त्याचा म्हणण्यासारखा उपयोग होत नाही; शाळा निदान तीन महिन्यांनी एकदा पाहिली पाहिजे; आणि मधून मधून आगाऊ वर्दी न देता गेले पाहिजे. गावच्या आणि तालुक्याच्या अंमलदारांवर भिस्त ठेवू नये, कारण त्यांच्यामागे हजार कामे, आणि आले तरी त्यांची परीक्षा वरवरची. स्वतः १८४८ पासून पुण्यात शाळा काढून, त्यांच्या जाहीर परीक्षा लोकांसमोर घेऊन दाखवलेल्या माणसाचे हे बोल आहेत.

निकालावर पैसे देण्याच्या पद्धतीबद्दल तर त्यांनी रोखठोक सांगितले, की गरीब आणि अडाणी लोकांत शिक्षण पसरवायला ती मुळीच लायक नाही. तिथे शिक्षणाची गोडीच अजून लागलेली नाही. असल्या लोकांत आपल्या जबाबदारीवर शाळा काढायला कोण मास्तर धजेल? त्याचे पोट भरायचे नाही. मास्तर कसा असावा हेही त्यांनी सांगून ठेवले आहे. तो शिकलेला, ट्रेनिंग झालेला असावा. शक्यतो शेतकरी वर्गातला, नांगराचा मुठ्या किंवा सुताराची तासणी हाती धरायला न लाजणारा, खालच्या थरातल्या लोकांत मिसळणारा असावा. पगार बारा रुपयांहून कमी नसावा, मोठ्या गावी पंधरा किंवा वीस. आणि लोकल फंडाचा निम्मा भाग फक्त प्राथमिक शिक्षणावर खर्चावा. मास्तराच्या पगाराचा आणि शाळेच्या दर्जाचा विचार फुले एकाच निवेदनात करतात. लोसाहेबाने पगार हाच चाबूक केला होता.

कमिशनने काय केले? मागासलेल्या मुलुखांना सवलत ठेवून, प्राथमिक शाळांची मदत बहुतांशी निकालावर ठरवावी अशी शिफारस केली. ही पद्धत अनुभवाने टाकाऊ ठरली, हे हिंदुस्थान सरकारने कबूल केले ते लॉर्ड कर्झनच्या अमदानीत, ११ मार्च १९०४ च्या ठरावात. बावीस वर्षे गेली.

त्यानंतर भांडणाचा रंग बदलला. १९११ साली गोखल्यांनी सक्तीच्या शिक्षणाचे बिल आणले. आधी निरक्षरता हटवा, दर्जाचे मागाहून पाहू, असा त्यांचा युक्तिवाद होता. १९१२ च्या मार्चमध्ये ते बिल १३ विरुद्ध ३८ मतांनी पडले. सरकारला संख्येपेक्षा दर्जाची कळकळ अधिक होती म्हणे! १९२९ साली हार्टॉग समितीने या कळकळीला आकड्यांचे पाठबळ दिले. १९२२-२३ साली पहिलीत असलेल्या दर शंभर मुलांपैकी १९२५-२६ साली चौथीत फक्त १८ उरली होती. हा आकडा मला फार बोलका वाटतो. दिपोटी परीक्षा घेई ती वर्गात बसलेल्या पोरांची. जी ८२ पोरे वर्गात नव्हती, त्यांच्यावर कुठल्या शेरेबुकात ओळ पडली? समितीने मात्र त्यातून निष्कर्ष काढला, की शाळांचा पसारा आवरून आहेत त्या सुधारा.

हा निष्कर्ष अजून मेलेला नाही. २०१७ च्या अखेरीस महाराष्ट्रात पट फार कमी म्हणून १३०० हून अधिक शाळा बंद करायचे ठरले, तेव्हाही दर्जाचेच कारण पुढे होते. डोंगरावरच्या वाडीत सात पोरे असतील तर पट सातच भरणार. त्याला मास्तर काय करील?

आणि तरीही मोजायला नको असे मी म्हणणार नाही. २००५ पासून ‘असर’ नावाची पाहणी खेड्यांतून होत आली आहे. पोराच्या घरी जाऊन, अंगणात बसवून, त्याच्यापुढे एक कागद धरायचा: अक्षरे, शब्द, पहिलीचा उतारा, दुसरीची गोष्ट. मग अंक, हातच्याची वजाबाकी, भागाकार. २०२४ साली देशभरच्या खेड्यांत सरकारी शाळेतल्या तिसरीच्या मुलांपैकी शेकडा २३ च्या आसपास मुलांना दुसरीची गोष्ट वाचता आली. गंमत अशी, की हा कागद आणि लोसाहेबाची परीक्षा यांत फारसे अंतर नाही. पण इथे कुणाचे आठ शिलिंग कापले जात नाहीत. म्हणून पोराला घोकवण्यात कुणाचा फायदा नाही, आणि म्हणूनच आलेल्या आकड्यावर विश्वास ठेवता येतो.

मात्र ही पाहणी जिल्ह्याची. एका जिल्ह्यातली तीस गावे, गावातली वीस घरे. अमक्या वाडीतली शाळा कशी, हे तिला सांगता येत नाही, आणि आईबापांना तर तेवढेच हवे असते. त्यासाठी कुणी तरी शाळेत वारंवार गेले पाहिजे. फुल्यांनी मागितलेली तिमाही फेरी आज केंद्रप्रमुखाच्या कामात बसते. दहाबारा शाळांमागे एक केंद्रप्रमुख अशी ती जागा आहे. त्यांतल्या पुष्कळ जागा गेल्या काही वर्षांत रिकाम्या राहिल्या, आणि जे केंद्रप्रमुख आहेत त्यांचे बरेचसे दिवस वरून मागवलेल्या माहितीचे रकाने भरण्यात जातात.