दोनशे रुपये दंड

सुरगाण्यावरून बोलतोय. मागे एसटीचा आवाज आला तर सांभाळून घ्या.

परवा एका मित्राचा मेसेज आला, "हे गे-बिये सगळं मुंबईचं फॅड आहे रे, मोबाइलमुळे आलेलं." मी टाइप केलं, खोडलं, परत टाइप केलं. पाठवलं काहीच नाही. उत्तर द्यायचं तर स्वतःबद्दलही सांगावं लागलं असतं. मग म्हटलं, आधी मोबाइल नसलेल्या मुंबईत जाऊन येऊ.

साल १९३४. र. धों. कर्वे हे नाव संततिनियमनामुळे ऐकलं असेल. १९२७ पासून ते मुंबईतून 'समाजस्वास्थ्य' नावाचं मराठी मासिक काढायचे. त्यात वाचकांचे प्रश्न आणि त्यांची उत्तरं यायची. आपण इनकॉग्निटो टॅबमध्ये जे शोधतो ना, ते लोक तेव्हा पत्र लिहून विचारायचे. हस्तमैथुनाबद्दल, समलिंगी संबंधांबद्दल. आणि मराठीत!

याच उत्तरांवरून कर्व्यांवर अश्लीलतेचा खटला झाला. १९३१ मध्येही एकदा दंड झालाच होता. यावेळी त्यांचे वकील कोण? डॉ. बाबासाहेब आंबेडकर. हे वाचलं तेव्हा मी फोन खाली ठेवून दोन मिनिटं नुसता बसलो.

बाबासाहेबांचं म्हणणं सरळ होतं. लैंगिक विषयावर लिहिलं म्हणून ते अश्लील ठरत नाही. लोकांच्या मनात शंका असतील, तर त्या ज्ञानानेच दूर होणार. समलिंगी आकर्षणाबाबत तर त्यांनी हॅवलॉक एलिस या इंग्रज अभ्यासकाचा दाखला दिला, की काही माणसांत ते जन्मतःच असतं. कोर्टात, १९३४ साली.

खटला हरले. दंड २०० रुपये. कर्व्यांनी मासिक बंद केलं नाही, १९५३ मध्ये ते गेले तोपर्यंत चालवलं.

मुंबईतली ही गोष्ट बहुतेक जण 'बॉम्बे दोस्त'पासून, म्हणजे १९९० पासून सांगतात. मीही तसंच समजायचो. पण मला राहून राहून आठवतो तो पत्र लिहिणारा. संपादक माहीत, वकील माहीत, दंडाची रक्कमसुद्धा माहीत. त्याचं नाव मात्र नाही. तो नाव सांगणार तरी कसा? कलम ३७७ १८६२ पासून लागू होतं, शिक्षा जन्मठेपेपर्यंत. संमतीने राहणाऱ्यांची त्यातून सुटका झाली ती थेट ६ सप्टेंबर २०१८ ला.

आणि मित्रा, ऐकतोयस ना? संध्याकाळी स्टँडवर ये. उरलेलं तिथे बोलू.