चेटकीण बहिणी : सेलमचा खटला आणि दूरचित्रवाणीवरील कौटुंबिक करमणूक

३० ऑक्टोबर १९९३ रोजी, म्हणजे हॅलोविनच्या आदल्या रात्री, अमेरिकेतील एबीसी वाहिनीवरून ‘डबल, डबल, टॉइल अँड ट्रबल’ हा दूरचित्रपट प्रसारित झाला. त्याचे शीर्षक शेक्सपिअरच्या ‘मॅक्बेथ’मधील चेटकिणींच्या मंत्रावरून घेतलेले आहे. वि. वा. शिरवाडकरांच्या ‘राजमुकुट’मुळे हे नाटक मराठी वाचकास परके नाही. शीर्षकापलीकडे मात्र या चित्रपटात शोकात्म असे काही शोधू नये. तो लहान मुलांसह घरातील सर्वांनी एकत्र बसून पाहावा, अशा बेताने रचलेला हलकाफुलका खेळ आहे. तथापि ‘चेटकीण’ आणि ‘बहीण’ ही दोन नाती अमेरिकी इतिहासात एकदा फार भीषण रीतीने एकत्र आली होती. त्या पार्श्वभूमीवर या खेळाकडे पाहणे, हा प्रस्तुत लेखाचा विषय होय.

कथानक साधे आहे. केली आणि लिन या जुळ्या बहिणींच्या आईवडिलांवर कर्जापायी राहते घर गमावण्याची पाळी येते. श्रीमंत मावशीआजी अगाथा मदत नाकारते. या अगाथाने आपल्याच जुळ्या बहिणीला, सोफियाला, एका जादूच्या खड्याच्या बळावर आरशात कोंडून ठेवले आहे आणि सातव्या वर्षीच्या हॅलोविनला मध्यरात्रीपूर्वी ती सुटली नाही, तर ती कायमची अडकणार आहे. दोघी चिमुरड्या तो खडा मिळविण्यासाठी घराबाहेर पडतात. जुळ्यांच्या दोन जोड्या समोरासमोर ठेवण्याची ही युक्ती साधी असली, तरी चतुर आहे. एका जोडीत मत्सराने जे बिघडले, ते दुसरीने दुरुस्त करावयाचे. अगाथा व सोफिया या दोन्ही भूमिका क्लोरिस लीचमन यांनी केल्या. मुलींच्या भूमिकांत मेरी-केट व अ‍ॅशली ऑल्सन होत्या. त्यांच्या प्रसिद्धीचे मूळ एका कायदेशीर अडचणीत आहे. तान्ह्या मुलांनी चित्रीकरणात किती वेळ काम करावे यावर निर्बंध असल्याने ‘फुल हाऊस’ (१९८७-१९९५) या मालिकेत एकच बालिका या दोघी आळीपाळीने साकारीत असत. मालिकेत एकीच्या वाट्याला आलेले नाव या दूरचित्रपटात दोघींत वाटले गेले, असे म्हणता येईल.

आता सेलम. १६९२ साली मॅसॅच्युसेट्समधील सेलम व आसपासच्या गावांत दीडशेहून अधिक लोकांवर चेटूक केल्याचा आरोप झाला. १९ जणांना फाशी देण्यात आली, जाइल्स कोरी या वृद्धाचा छातीवर दगड रचून अंत करण्यात आला आणि कित्येक जण तुरुंगातच मेले. आरोपींत टाउन घराण्यातील तीन सख्ख्या बहिणी होत्या : रिबेका नर्स, मेरी ईस्टी आणि सारा क्लॉइस. त्यांच्या आईविषयीही पूर्वी अशीच कुजबुज होती. चेटूक रक्तातून उतरते ही समजूत रूढ असल्याने एका बहिणीवरील आळ दुसरीपर्यंत पोहोचण्यास वेळ लागला नाही.

रिबेका ७१ वर्षांची होती. तिच्या सद्वर्तनाची ग्वाही देणाऱ्या अर्जावर सुमारे ४० शेजाऱ्यांनी सह्या केल्या होत्या. हे धाडसच म्हटले पाहिजे, कारण सही करणाराही संशयित ठरू शकत होता. पंचांनी तिला प्रथम निर्दोष ठरविले. परंतु तक्रारदार मुलींनी आकांत मांडला आणि न्यायाधीशांनी पंचांना तिच्या एका उद्गाराचा फेरविचार करण्यास सांगितले. त्याविषयी विचारले असता ऐकू कमी येणारी रिबेका उत्तर देऊ शकली नाही. निकाल फिरला आणि १९ जुलै रोजी तिला फाशी झाली. मेरी ईस्टीची मे महिन्यात सुटका झाली होती, पण अवघ्या दोन दिवसांत ती पुन्हा पकडली गेली. मृत्यूपूर्वी तिने केलेला अर्ज त्या काळातील सर्वांत उंचीचा दस्तऐवज ठरावा. त्यात ती स्वतःच्या प्राणांची याचना करीत नाही, यापुढे निरपराधांचे रक्त सांडू नये एवढेच मागते. २२ सप्टेंबरला तिलाही फासावर चढविण्यात आले. सारा तेवढी वाचली. आरोपीची छायाकृती येऊन छळते, असल्या भासांना पुरावा मानणे ऑक्टोबरनंतर थांबले, हे तिचे भाग्य. तक्रारदारांपैकी अ‍ॅन पुटनम हिने १७०६ साली चर्चमध्ये जाहीर क्षमा मागितली, तेव्हा या तिघी बहिणींचा उल्लेख तिला मुद्दाम करावा लागला.

या इतिहासाचे करमणुकीत रूपांतर होण्यास दूरचित्रवाणीने मोठा हातभार लावला. ‘बिविच्ड’ (१९६४-१९७२) या मालिकेने चेटकिणीला नाक हलवून घरकाम उरकणारी गृहिणी केले आणि १९७० साली तिचे काही भाग खुद्द सेलममध्ये चित्रित झाले. पुढे सेलमने चेटकीण हाच आपल्या पर्यटनाचा व्यवसाय केला. २००५ साली तेथे या मालिकेतील नायिकेचा पुतळाही उभा राहिला. जेथे चेटकीण कोणीच नव्हती, तेथे झाडूवरची चेटकीण नगरचिन्ह व्हावी, हा विपर्यास नोंदविण्याजोगा आहे. याउलट सारा क्लॉइसची कथा सांगणारा ‘थ्री सॉव्हरिन्स फॉर सारा’ हा व्हॅनेसा रेडग्रेव्ह अभिनीत दूरचित्रपट १९८५ साली सार्वजनिक वाहिनीवर झाला. त्याचा प्रेक्षक अर्थातच वेगळा होता.

मग विनोदी चेटकीण दोषी मानावी काय? तसे मानणे अन्यायाचे होईल. रत्नाकर मतकरींच्या ‘अलबत्या गलबत्या’मधील दिलीप प्रभावळकरांची चिंची चेटकीण पाहून हसलेल्या पिढ्या त्यामुळे अंधश्रद्ध झाल्या नाहीत. भय हसण्यावारी नेणे हाही त्यावर मिळविलेला विजयच आहे. १९९३च्या चित्रपटाची अडचण एवढीच की, त्यात चेटूक खरे असते आणि दुष्ट बहीण खरोखरच दुष्ट असते. सेलममध्ये आरोप करणारे नेमके हेच म्हणत होते.

मॅसॅच्युसेट्सच्या विधिमंडळाने १७११ पासून टप्प्याटप्प्याने दोषींची नावे निष्कलंक केली. एलिझाबेथ जॉन्सन हे अखेरचे नाव २०२२ साली मोकळे झाले. शिक्षा होऊनही ती फाशीतून वाचली होती आणि तिला वारस नसल्याने तिच्या बाजूने कोणी मागणी केली नव्हती. ती मागणी आठव्या इयत्तेतील एका वर्गाने आपल्या शिक्षिकेसह लावून धरली.