नाव, छाप आणि पत

कल्याणच्या लष्करी छावणीत फाळणीनंतर सिंधी निर्वासित आले. १९४९ साली त्या वसाहतीस उल्हासनगर हे नाव मिळाले. त्यांच्या मालाला मात्र नाव नव्हते. म्हणून त्यावर ‘मेड इन यूएसए’, म्हणजे ‘उल्हासनगर सिंधी असोसिएशन’, अशी छाप पडे, ही आख्यायिका आम्ही हसत ऐकली आहे.

१९९८ साली गूगल निघाले; २००० साली तेथे शब्द निवडून जाहिरात देण्याची सोय झाली. आता अंबरनाथचा कारखानदार आणि बदलापूरचा दुकानदार शोधयादीत वर येण्यासाठी झटतात. जाहिरातीची जागा पैशाने मिळते. बाकीची उपयुक्त मजकुराने व इतरांनी दिलेल्या दुव्यांनी कमवावी लागते. विकतचे दुवे उघडकीस आले तर संकेतस्थळ खाली ढकलले जाते. उसनी छाप गिऱ्हाईक एकदा आणील. पुन्हा आणते ती पतच, असे आम्हांस वाटते.