डागाळलेले जाजम आणि पुनर्रंजनाची परंपरा

घरातील जाजम, सतरंजी किंवा गालिचा डागाळला की तो टाकून नवा आणावा, ही समजूत फार जुनी नाही. डाग निघत नसेल तर साऱ्या वस्त्राला गडद रंग द्यावा आणि ते पुढे वापरावे, हा मार्ग मराठी मुलखास अपरिचित नव्हता. आज पनवेल तालुक्यातील उलवे येथील बहुमजली इमारतींतून हा मार्ग सुचवला तर तो चमत्कारिक वाटेल. या बदलाचे कारण सामान्यतः नव्या वस्तूंची स्वस्ताई असे सांगितले जाते. ते खोटे नाही. परंतु अपुरे आहे. पुनर्रंजन मागे पडले याचे अधिक मूलगामी कारण वस्त्राच्या तंतूत शोधावे लागते.

प्रथम भाषेची साक्ष पाहू. बैठकीच्या वस्त्रांची नावे बहुतांशी फारसीच्या द्वारे आलेली आहेत. जाजम आणि गालिचा हे शब्द उघडच त्या वळणाचे होत. सतरंजीचा संबंध शतरंजाशी, म्हणजे मूळच्या संस्कृत ‘चतुरङ्गा’शी जोडतात. उलट, रंगाच्या व्यवहाराची क्रियापदे घरची आहेत : रंग चढतो, बसतो, सुटतो, विटतो, उतरतो. रंग ‘पक्का’ किंवा ‘कच्चा’ असतो. जी भाषा रंगाच्या बसण्यासाठी दोन क्रियापदे ठेवते आणि त्याच्या जाण्यासाठी तीन, तिच्या बोलणाऱ्यांना रंग ही वारंवार नवी करावयाची गोष्ट वाटत असली पाहिजे. करडईच्या फुलांचा कुसुंबी रंग याचे उत्तम उदाहरण होय. तो पाण्याने सुटतो. म्हणून पागोटी धुतली की ती पुन्हा रंगाऱ्याकडे जात. रंगारी आणि निळीचे काम करणारे निराळी या जातिनामांत हा व्यवसाय टिकून राहिला आहे. पुण्याच्या सार्वजनिक गणेशोत्सवाच्या इतिहासातील भाऊ रंगारी यांचे मूळ आडनाव जावळे. घराण्याच्या रंगकामावरून ‘रंगारी’ हे नाव रूढ झाले असे सांगतात.

जुन्या पद्धतीत सुती वस्त्रावर पक्का रंग बसविणे हे घरगुती काम नव्हते. आल, म्हणजे बारतोंडीच्या मुळ्यांचा लाल रंग सुतास आपण होऊन धरत नाही. त्यासाठी तुरटी हे रंगबंधक लागते. हिरड्याची पुटे द्यावी लागतात. हिरडा आणि हिराकस यांच्या संयोगाने काळा रंग मिळतो. मात्र त्यातील लोहामुळे कालांतराने सूत कुजते. डागाळलेल्या वस्त्राबाबत रंगाऱ्याचे दोन नियम होते व ते आजही खरे आहेत. एक, रंग डाग पुसत नाही, फक्त झाकतो. म्हणून नवा रंग डागाहून गडदच हवा. दुसरा, तेलातुपाच्या डागावर रंग धरत नाही. म्हणून वस्त्र आधी क्षाराने किंवा रिठ्याने धुऊन निर्मळ करावे लागते.

हे काम घराच्या चुलीवर आले ते रासायनिक रंगांमुळे. 1856 मध्ये पर्किनने पहिला कृत्रिम जांभळा रंग तयार केला. 1868 मध्ये ग्रेबे आणि लीबरमान यांनी मंजिष्ठाचे रंगद्रव्य कृत्रिम रीतीने सिद्ध केले. 1897 मध्ये कृत्रिम नीळ बाजारात आली. परंतु घरगुती दृष्टीने 1884 हे वर्ष अधिक महत्त्वाचे. त्या वर्षी ब्योटिगरने शोधलेला ‘काँगो रेड’ हा सुतावर रंगबंधकाशिवाय बसणारा रंग होता. गरम पाणी, थोडे मीठ आणि रंगाची पुडी एवढ्यावर काम भागू लागले. याच काळात जॉर्ज बर्डवुड यांनी 1880 च्या आपल्या ग्रंथात नव्या रंगांवर आणि तुरुंगांत विणल्या जाणाऱ्या गालिच्यांवर कठोर टीका केली. कलेच्या दृष्टीने ती समजण्यासारखी आहे. तथापि ज्या पुडीने गालिच्याची अभिजातता बिघडवली, तिनेच सामान्य घरातील विटक्या सतरंजीस दुसरे आयुष्य दिले, हेही नोंदविले पाहिजे.

आता उलव्याच्या परिसराकडे वळता येईल. कारण पुनर्रंजनाचा शेवट कसा झाला हे खाडीकाठी स्पष्ट दिसते. 1970 मध्ये सिडकोची स्थापना होण्यापूर्वी हा प्रदेश भातखाचरांचा, मिठागरांचा आणि मासेमारीचा होता. कोकण किनाऱ्यावर सुती व तागाची जाळी झाडांच्या सालीच्या काढ्यात पुनःपुन्हा बुडवीत. तेथे रंग हा शोभेसाठी नव्हता. सालीतील तुरट द्रव्याने जाळे कुजण्यापासून वाचे. खैराच्या कातातही हेच द्रव्य असते. त्याने सुतावर तपकिरी रंग बसतो, आणि ब्रिटनमधील कोळीही जाळी व शिडे यांसाठी हिंदुस्थान-ब्रह्मदेशाकडील कात वापरीत. रायगड जिल्ह्यातील कातकरी या जमातीचे नावच कात करण्याच्या व्यवसायावरून पडले आहे. नायलॉनची जाळी आली आणि काढ्याची गरज संपली, कारण नायलॉन तसे कुजत नाही. येथे पुनर्रंजन संपले ते आळसाने नव्हे, तंतू बदलल्याने.

गालिच्याचेही तेच झाले. लोकर आणि नायलॉन आम्लयुक्त गरम पाण्यात योग्य रंग घेतात; सूत मिठाच्या पाण्यात घेते. परंतु पॉलिएस्टरला घट्ट बंद भांड्यात सुमारे 130 अंश सेल्सिअस उष्णता लागते, आणि पॉलिप्रॉपिलीनमध्ये रंग तंतू घडवितानाच मिसळलेला असतो. वरून दिलेला रंग त्यावर बसतच नाही. आजचे पुष्कळसे स्वस्त गालिचे या शेवटच्या दोन वर्गांत मोडतात. म्हणून उलव्यातील एखाद्या गृहिणीने डागाळलेला गालिचा रंगविण्याचे ठरविले, तर रंगाच्या आधी तंतूची परीक्षा हवी. कडेचा एक धागा जाळून पाहावा : सुतास जळक्या कागदाचा वास येतो, लोकरीस केसांचा; कृत्रिम धागा वितळून त्याचा मणी होतो.

‘रंग चढला नाही’ असे मैफिलीविषयी आजही म्हणतात. त्या प्रयोगामागील भांडे, मीठ आणि काढा बहुतेक घरांतून गेले आहेत. वस्तू टाकून देण्याची सवय ही केवळ मनोवृत्तीची गोष्ट नाही. दुसरा रंग स्वीकारू न शकणारी वस्तू घरात येते, त्याच दिवशी ती सवयही घरात येते.