येसराची आमटी, १९७३

जालन्याहून अंबडच्या रस्त्याला लागा आणि वर्षं मागं टाकत चला. आधी मोसंबीच्या बागा विरळ होतील. मग शहराबाहेरची पोलादाच्या कारखान्यांची धुराडी दिसेनाशी होतील. १ मे १९८१ ओलांडलात की जालना जिल्हाच राहत नाही, तुम्ही औरंगाबाद जिल्ह्यात असता. आणखी आठ वर्षं मागं जा. १९७३ चा फेब्रुवारी. इथं थांबा.

दिवस मावळतोय. खडी फोडून माणसं गावात परततायत, पापण्यांपर्यंत पांढरी धूळ. या दिवसांत शिवारात ज्वारी कणसावर असायची, आगट्या पेटायच्या, हुरडा भाजला जायचा. यंदा काळ्या रानाला नुसत्या भेगा आहेत. मे महिन्यापर्यंत राज्यात दुष्काळी कामांवर सुमारे ५० लाख माणसं असतील आणि चार वर्षांनी त्यातून रोजगार हमीचा कायदा होईल. हे तुम्हाला ठाऊक आहे. समोरच्या घरात चूल पेटवणाऱ्या बाईला नाही. तिला रात्रीच्या जेवणाची काळजी आहे.

“कामून उभे राहिले दारात? या आत. भाकर खाऊन जा.”

तुम्ही भिंतीला टेकून बसता. काठवटीत लालसर पीठ आहे. रेशनवर मिळालेला अमेरिकेचा मिलो, तिकडची लाल ज्वारी. त्याला चिकटपणा नाही. गार पाण्यात मळला तर थापताना भाकर कडेनं फाटते. म्हणून ती कढत पाणी ओतते, थोडं झाकून ठेवते, मग तळहाताच्या मुळानं रगडत राहते. एवढं रगडल्यावर कुठं भाकर तव्यापर्यंत धड पोचते.

मिलोचा विषय निघाला की जुनी माणसं आजही तोंड वाकडं करतात. मिलो ज्याच्याबरोबर घशाखाली उतरला, त्या कालवणाचं नाव मात्र कुणी घेत नाही. मला हा अन्याय वाटतो.

ती उतरंडीतून एक गाडगं काढते. फडकं सोडताच धने, दगडफूल, खोबऱ्याचा वास घरभर होतो. येसर. गहू, ज्वारी, हरभऱ्याची डाळ वेगवेगळी खरपूस भाजायची, मसाला आणि लाल मिरची भाजून घालायची आणि जात्यावर दळायचं. उन्हाळ्यात केलेलं वर्षभर टिकतं. अवेळी पाव्हणा आला, घरात भाजी नसली तरी येसर असतं. मराठवाड्यातल्या लग्नात येसराच्या आमटीशिवाय पंगत उठत नाही.

बघा, ती कशी करते. दोन मुठी येसर आधी गार पाण्यात कालवते, गुठळी राहू देत नाही. पळीभर तेलात ठेचलेला लसूण तांबूस होऊ देते. तेल जपून, लसूण सढळ. वर पाणी. त्याला उकळी फुटली की कालवलेलं येसर बारीक धारेनं सोडते, दुसरा हात ढवळतच असतो. भाजलेल्या धान्याचं पीठ असल्यानं आमटी आपोआप दाट होते. मग ती दाराकडं बघते, डोकी मोजते आणि आणखी तांब्याभर पाणी घालते. पाणी दूरवरून डोक्यावर आणलेलं आहे, तरी घालते.

शेजारची म्हातारी नातवाला घेऊन आलीय. तिच्या पदरात सुकडी आहे, कामावर वाटलेली; ती मुलांच्या हातावर थोडी थोडी ठेवते. पलीकडच्या घरातून कांदा येतो. तो बुक्कीनं फोडतात.

तुमच्या पितळीत भाकर कुस्करलेली, वर वाफाळती आमटी. पहिल्या घासाला मिलोचा भरडपणा दातांना कळतो. दुसऱ्यापासून लसूण, मिरे आणि भाजल्या गव्हाचा खमंगपणाच तोंडात राहतो. नाकाला पाणी सुटतं. खडी फोडून आलेला शीण खांद्यांवरून उतरल्यासारखी माणसं सैल होतात, बोलायला लागतात. उद्या मुकादम हजेरी कधी घेणार, कुणाचा बैल बाजारात गेला.

“एवढं येसर कशाला केलं होतं?” तुम्ही विचारता.

ती कोपऱ्यात वाढणाऱ्या लेकीकडं हनुवटीनं खूण करते. लग्न यंदा धरायचं होतं. पीक गेलं, लग्न पुढं गेलं.

“म्या म्हणलं, गाडग्यात ठिवून काय करू? गल्ली जेवू दे. पाऊस पडला की लग्नाला दुसरं दळू.”

आणि तुम्ही नको म्हणायच्या आत ती पळीभर आमटी तुमच्या पितळीत ओतते.